पळणारी ओळ

चंद्रभान हसला तेव्हा पडद्यावर, वरच्या बाजूला, एक लाल ओळ उजवीकडून डावीकडे पळत होती, आणि बाबारावांनी ती वाचली नाही. असं सहसा होत नसे. एकोणतीस वर्षं शिशाची अक्षरं उलटी वाचलेल्या माणसासमोरून अक्षर न वाचता जात नाही. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, फुटाण्याच्या पुडीचा कागद, सगळं आपोआप आत जाऊन बसतं. पण आज हसणं आधी आत शिरलं आणि दारातच उभं राहिलं. ओळ बाहेर थांबली.

"हे तुयं पान?" चंद्रभान म्हणाला. "अबे, याच्यापेक्षा तं आपल्या प्रेसातल्या उंदरानं बरं जुळवलं असतं."

वर्ध्याच्या बसस्टँडसमोरचं ते झेरॉक्सचं दुकान चंद्रभानच्या जावयाचं. दोन झेरॉक्स मशिनी, इंटरनेटचे तीन कॉम्प्युटर, आणि दिवसभर गल्ल्यावर बसलेला, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला चंद्रभान. बाबाराव सेलूच्या कॉलेजच्या प्रिंटरचं कार्ट्रिज भरून घ्यायला आले होते. भरायला अर्धा तास लागणार होता. अर्धा तास रिकामा बसण्यापेक्षा, ते म्हणाले होते, ये, तुले माह्यं पान दाखवतो. हे त्यांनी किती सहज म्हटलं होतं! म्हणताना हातातली पिशवी कशी अलगद खाली ठेवली होती, खुर्ची कशी ओढली होती. पेटीवाला पेटीपुढे बसताना ओढतो तशी. आणि आता पडद्यावर हे. डाव्या बाजूला कोणाकोणाच्या फोटोंची रांग, मध्ये निळ्यावर पिवळी अक्षरं, मुंग्यांएवढी, रिकाम्या जागांचा तक्ता पार तळाशी, सतरा वेळा सरकवल्यावर लागणारा, आणि वर ती लाल ओळ.

"कोणी हात लावला याले?" बाबाराव म्हणाले. "कोणी खराब केलं?"

"कोणी नाई. हे असंच राह्यते. रोज पाहून राह्यलो ना मी. पोरं येतात, खाली खाली सरकवतात, डोये चोळतात, प्रिंट घेऊन जातात."

"नाई. हे माह्यं पान नाई."

"मी कुठं म्हणतो तुयं हाय म्हणून? तूच म्हणून राह्यला."

[हा मजकूर वर घ्यावा.] प्रूफाच्या समासात लिहितात तसं, कारण पान काय होतं ते आधी सांगायला हवं. प्रेस सत्त्याण्णव साली बंद पडली. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, वजनावर गेले, ती ठेवायच्या लाकडी केसा जळणाला, आणि बाबाराव सेलूच्या खाजगी ज्युनियर कॉलेजात क्लार्क झाले. क्लार्क म्हणजे शिक्के, दाखले, परीक्षेचे अर्ज. छापील पानातली जागा आता कोण जुळवतं हा प्रश्न त्यांनी दहा वर्षं कोणाला विचारला नव्हता. पण कागद हातात आला की डोळे आधी समास मोजायचे, ओळींमधली जागा मोजायचे, आणि मग मजकुराकडे जायचे. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा ते त्याच्याकडे पाहुण्यासारखे बघत. मग इंजिनिअरिंगचे प्रवेश वेबसाइटवर होऊ लागले. बारावी झालेली पोरं खेड्यांतून सायकलींवर येत, कॉम्प्युटरभोवती उभी राहत आणि पडद्यावर बोट फिरवून आपलं नाव शोधत. नाव सापडायचं नाही. पान वाईट जुळवलेलं होतं. इतकं वाईट की बाबारावांना पहिल्या दिवशी अंगाला खाज सुटल्यासारखं झालं.

कॉम्प्युटर शिकवणारे हेमराज सर एकदा सहज म्हणाले होते, "पानाच्या मागं काय असते पाहता का बाबारावजी?" त्यांनी एक बटण दाबलं आणि पानामागचा मजकूर उघडला. खुणाच खुणा, कंसच कंस, आणि त्यांच्या मध्ये मध्ये अडकलेले शब्द. सर समजावून सांगणार होते. बाबारावांनी हातानं थांबवलं. हा फर्मा होता. छापलेला कागद वेगळा आणि लोखंडी चौकटीत आवळलेला शिशाचा फर्मा वेगळा. लोक कागद वाचतात, खिळे जुळवणारा जुळारी फर्मा वाचतो. ही ओळ इथे उघडते, इथे बंद होते, हा तक्ता या चौकटीच्या पोटात आहे. उलट्या अक्षरांहून अवघड काहीच नव्हतं. त्या क्षणी सोळा वर्षांच्या पोराचे कान गरम व्हावेत तसे त्यांचे कान गरम झाले. पंचावन्नाव्या वर्षी.

मग सरांनी कोल्ह्याचं चित्र असलेल्या त्या ब्राउझरमध्ये एक जोड बसवून दिली. तिच्यात सूचना लिहून ठेवायच्या. पान उघडलं की त्या सूचना आपोआप चालतात. हे काढ, ते वर ने, अक्षर मोठं कर. साइटवाल्यांना विचारायचं नाही, त्यांच्या घरात जायचं नाही. पान आपल्या खिडकीत येताना आपण म्हणू तसं बसून येतं. बाबारावांनी एक उन्हाळा घातला त्यात. सुट्टीतलं ऑफिस, कुलर बंद, वहीत इंग्रजी शब्द, प्रत्येकापुढे मराठीत त्याचं काम. कंस राहिला की काहीच चालत नसे, आणि कंस शोधायला त्यांच्याइतका चांगला माणूस तालुक्यात नव्हता. आधी फोटोंची रांग काढली. मग तक्ता तळातून उचलून माथ्यावर आणला. निळं पिवळं जाऊन पांढऱ्यावर काळं आलं. ओळींमध्ये दीड ओळीची हवा, कॉलेजांची नावं डावीकडे, जागा उजवीकडे, मध्ये बारीक रेघ. शेवटची तारीख वर, मधोमध, जाड. आणि ती पळणारी ओळ काढून टाकली.

ती काढताना त्यांचा हात क्षणभरही अडला नाही. त्या साली ती ओळ काहीच सांगत नव्हती. स्वागत, स्वागत, पुन्हा स्वागत. पण तिनं काही सांगितलं असतं तरी त्यांनी ती काढलीच असती. प्रेसमध्ये फर्मा मशिनीवर चढवण्याआधी तानबाजी फोरमन त्याचा एक कोपरा बोटभर उचलत आणि वरून तळवा फिरवत. एक जरी खिळा हलला तरी फर्मा परत. एकदा न तपासलेला फर्मा बाबारावांनी जिन्यावरून नेला होता आणि सोळाव्या पायरीवर पानाच्या पोटातून एक ओळ घरंगळत गेली, खळ्ळ, खळ्ळ, प्रत्येक पायरीवर थोडी थोडी. तानबाजी ओरडले नाहीत. त्यांनी ते खिळे वेचेपर्यंत जिन्याच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं. तेव्हापासून हलणारं अक्षर म्हणजे सैल अक्षर, आणि सैल अक्षर म्हणजे जुळाऱ्याची लाज. पानावर एक आख्खी ओळ दिवसभर पळते आहे आणि कोणालाच लाज नाही, हे त्यांना सोसलं नाही.

[इथे जागा सोडू नये.] दोन वर्षांत त्याला नाव पडलं होतं. बाबारावजीचं पान. केळझरची, हिंगणीची पोरं वर्ध्याला न जाता सेलूला येऊ लागली. तिथं दिसते जी, एका नजरेत दिसते. दुसऱ्या कॉलेजचा क्लार्क बघून गेला. प्राचार्यांनी पाहुण्यांना खुर्चीमागे उभं करून दाखवलं. घरी अन्नपूर्णाबाई म्हणत, "त्या पानाले तेवढी भाकर बी घाला म्हणजे झालं," आणि शेजारणीला तेच कौतुकानं सांगत. बाबारावांना आपले वडील आठवत. वडील जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहत. छप्पन साली चार वर्षांच्या पोराला खांद्यावर बसवून नागपूरला दीक्षा घेऊन आलेले, स्वतः अक्षरशत्रू. पोरानं जुळवलेलं पहिलं हँडबिल त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं होतं आणि जिनिंगच्या फाटकावर दाखवत होते, उलटं धरून. कोणी हसला की म्हणत, "अरे, त्याले उलटंच वाचतात. माह्या पोराले येते, तुले येते का?" त्या हँडबिलाच्या हजार प्रती निघाल्या होत्या. हजारही सारख्या. एकदा पान नीट जुळलं की ते वर्ध्यात नीट, आर्वीत नीट, कोणाच्याही खिशात नीट. हेमराज सरांनी सांगितलं होतं, "हे फक्त आपल्या कॉम्प्युटरवर बाबारावजी. बाकीच्याईले जुनंच दिसते." ते हो म्हणाले होते. ऐकलंही होतं. पण ते कानांनी ऐकलं होतं, हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि हात दोन वर्षं असेच समजून चालले होते की पान आता सगळीकडे नीट झालं आहे.

"काय झालं?" चंद्रभान म्हणाला. त्याचं हसणं संपलं होतं. "अबे, गंमत केली. तुया ऑफिसात चांगलं असंल."

हसणं दारातून बाजूला झालं आणि ओळ आत आली. तिची शेपटी आधी, कारण तोवर ती डावीकडे निम्मी गेली होती. मग पुन्हा उजवीकडून डोकं. तिसऱ्या फेरीच्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजात हजर राहण्याची सुधारित शेवटची तारीख. बुधवार. सायंकाळी पाच. यानंतर जागा रद्द समजण्यात येईल.

आज बुधवार होता. भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस.

त्यांच्या पानावर, मधोमध, जाड, शुक्रवार होता, कारण साइटवाल्यांनी खाली जुनीच तारीख ठेवून बदल फक्त त्या ओळीत टाकला होता. सोमवारी शेतकरी बबनरावांची मुलगी रोशनी तो शुक्रवार वाचून गेली होती. तिसऱ्या फेरीत नागपूरला लागलेली, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, शेवटून दुसरी जागा. नाव दिसल्यावर तिनं पडद्याला हात लावून पाहिला होता. तिचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला बाबारावांच्या लोखंडी कपाटात होता. घरी पावसानं गळतं म्हणून तिनंच ठेवायला दिला होता. आणि कपाटाची किल्ली सुतळीत ओवलेली, आत्ता, इथे, वर्ध्यात, त्यांच्या पँटच्या खिशात.

"फोन दे," ते म्हणाले.

बबनरावांनी सहाव्या घंटीला उचलला. मागे शेतात डवरा ओढणाऱ्या बैलांना हाकारण्याचा आवाज.

"बबनराव, बाबाराव बोलतो. पोरीले आत्ताच्या आत्ता कॉलेजात पाठव. नागपूरले जायाचं हाय."

"शुक्रवारी ना जी?"

"नाई. आज. पाच वाजेलोक."

"आज? अन् काऊन? साइटनं बदलवलं का?"

हे त्यांनी विचारायला नको होतं. किंवा उत्तर असं तयार हातात द्यायला नको होतं. "हो," बाबाराव म्हणाले. "बदलवलं." आणि फोन ठेवला. चंद्रभान त्यांच्याकडे बघत होता. प्रेसमध्ये चंद्रभान वाचक होता. जुळाऱ्यानं स्वतःचं प्रूफ वाचायचं नाही हा तिथला नियम, कारण स्वतःच्या चुकीवरून डोळा घसरत जातो. चंद्रभान प्रूफ वाचायचा आणि बाबाराव मूळ प्रत हातात धरून मोठ्यानं बोलायचे, स्वल्पविरामासकट. पंचवीस वर्षं. त्यामुळे घसरलेली चूक चंद्रभानला लगेच दिसली. एवढंच म्हणाला, "कार्ट्रिज मी पाठवतो. तू पळ."

नागपूरची बस भरली होती. बाबाराव दांड्याला धरून उभे राहिले आणि बस रेल्वेच्या पुलावरून जाताना त्यांच्या लक्षात आलं की आपण ओठ हलवतो आहोत. हातातल्या जुळणीच्या स्टिकमध्ये एकेक खिळा बसवताना हलायचे तसे. ते वाक्य जुळवत होते. साइटनं तारीख बदलवली. हे वाक्य खरं होतं. आटोपशीर होतं. एका ओळीत बसत होतं, दोन्ही बाजूंना जागा सोडून. बबनरावांनी ते मानलंही होतं, आता सगळे मानतील. साइट म्हणजे कोण, मुंबईचं कोणीतरी, त्याला शिव्या देऊन मोकळं होता येतं. [राहू द्या.] पवनारच्या पुलाखाली धाम नदी मातकट, भरलेली. ओळ दिसत नव्हती. हेही खरं. का दिसत नव्हती ते त्यात नव्हतं, पण प्रत्येक ओळीत प्रत्येक गोष्ट कुठं असते? [राहू द्या.] ती ओळ मी काढली होती. हे बसेना. दोनदा मनात मोजलं तरी शेवट बाहेर येत होता. तोडून दुसऱ्या ओळीवर न्यावं तर पहिल्या ओळीत नुसतं 'ती ओळ मी' उरत होतं आणि ते अधिकच वाईट दिसत होतं. [काढा.]

कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं. सेलू. पलीकडे सोयाबीन, पऱ्हाटी, मध्येच एखादा बोर्ड. बोर्डावरची अक्षरं जवळ जवळ, रंगाऱ्यानं शेवटी जागा पुरली नाही म्हणून आवळलेली. बाबारावांना राग आला. मग वाटलं, आपल्याला आत्ता या रंगाऱ्याचा राग येतोय? एका पोरीचं वर्ष खिशातल्या सुतळीला बांधलेलं आहे आणि आपण रंगाऱ्याची जागा मोजतोय? पण मोजणं थांबेना. ते थांबवता आलं असतं तर ते बाबाराव नव्हतेच. ज्या डोळ्यानं दोनशे पोरांना एका नजरेत नाव दाखवलं त्याच डोळ्यानं ती ओळ काढली. दोन डोळे नव्हते. चांगल्या कामाचं श्रेय एकानं घ्यायचं आणि चूक मुंबईवर टाकायची, तर मग पान तरी आपलं कसं? पान आपलं असेल तर ओळही आपली. आपण काढलेली. [काढा] वर रेघ मारून त्यांनी मनातल्या मनात खाली टिंबं दिली, वाचक देतो तशी, रद्द केलेली चूक परत ठेवायची असते तेव्हा. [राहू द्या.] वाक्य अजून ओळीबाहेर जातच होतं. जाऊ दे.

कॉलेजच्या व्हरांड्यात रोशनी उभी होती, घामानं भिजलेली, सायकल भिंतीला टेकवलेली. शेजारी बबनराव, पायाला चिखल, तसेच शेतातून आलेले. बारा चाळीस. बाबारावांनी कपाट उघडलं, दाखला काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, दोन सत्य प्रती घातल्या, वरून एक रिकामा फॉर्म घातला, लागला तर असावा म्हणून. पिशवी तिच्या हातात दिली. पण सोडली नाही.

"पोरी, ती ओळ मी काढली होती."

"कोणती ओळ?"

"साइटवर लाल ओळ पळते. तारीख बदलली ते तिच्यात होतं, सोमवारपासून. माह्या पानावर ती नाई. मी काढून टाकली होती. पळते म्हणून."

बबनरावांना कळायला वेळ लागला. मग कळलं. "म्हणजे वर्ध्याच्या पोट्ट्याईले दिसली अन् आमच्या पोरीले नाई? तुमच्या पानाच्या भरवशावर बसली होती ना जी ते! लोकं म्हणे बाबारावजीचं पान, बाबारावजीचं पान..."

"हो," बाबाराव म्हणाले.

"हो काय हो?"

"बाबा, थांबा," रोशनी म्हणाली. ती बाबारावांकडे बघत होती, रागानं नाही, गणित बघावं तशी. "काकाजी, तुमी नसतं सांगतलं तं मले समजलं बी नसतं."

"हो."

"मंग सांगतलं काऊन?" आणि उत्तराची वाट न बघता, "बरं, बाकीचे? तिसऱ्या फेरीत लागलेले? गजेंद्र? हिंगणीची ते गुंजन? त्याईनं बी इथंच पाह्यलं ना?"

बाबारावांचा हात पिशवीवरून सुटला. बसमधल्या पस्तीस मिनिटांत, तीन वाक्यं जुळवताना, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते रोशनीबरोबर नागपूरला जायला निघाले होते. तिथल्या कॉलेजच्या दारात उभं राहून, गरज पडली तर हात जोडून, तिला आत ढकलायला. आता त्यांना दिसलं की ते जाणंही स्वतःसाठीच होतं.

"तू जा," ते म्हणाले. "बाबाले घेऊन जा. सव्वाची बस हाय. मी इथं बसतो."

"अन् मी अशा पायानं?" बबनराव म्हणाले.

"पाय बसमध्ये धुता येत नाईत," रोशनी म्हणाली, "पण कॉलेजात बी पाय पाहून घेत नाईत. चला."

पान बघायला येणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर बाबाराव एका वहीत लिहून ठेवत. कोणी सांगितलं नव्हतं. किती जण येतात ते बघायला बरं वाटे म्हणून. आज त्या वहीचा पहिल्यांदा उपयोग झाला. तिसऱ्या फेरीची आणखी चार नावं. गजेंद्रला मावसभावानं कालच सांगितलं होतं, तो नागपूरलाच होता. "माहीत हाय जी, कालच झालं," म्हणाला, आणि बाबारावांनी तरी त्याला सांगितलं की ओळ मी काढली होती. "कोणती ओळ?" तो म्हणाला. दुसरा अमरावतीला लागलेला, त्यानं जागा सोडून पॉलिटेक्निक घेतलं होतं. गुंजनचा नंबर किराणा दुकानाचा निघाला. दुकानदार म्हणाला पोरगी न्हाऊन राह्यली असंल, बाबाराव म्हणाले तशीच बोलवा, आणि फोनमध्ये तीन मिनिटं नुसता तराजूचा आवाज ऐकत थांबले. तिचं कॉलेज वर्ध्यातच होतं, ती तीन वाजता पोचली. चौथा अंकित. त्याच्या वडिलांनी फोन घेतला आणि सगळं ऐकून घेतल्यावर शिव्या द्यायला सुरुवात केली, आईवरून, प्रेसवरून, कॉलेजवरून, शेवटी त्या कॉम्प्युटरवरून. बाबारावांनी फोन कानापासून दूर धरला नाही. प्रूफ वाचताना अर्धी चूक वाचून थांबता येत नाही. शिव्या संपल्यावर ते म्हणाले, "भाऊ, पोराले सव्वादोनच्या गाडीवर बसवा. पोचते."

चार फोन. चारदा तेच वाक्य. पहिल्यांदा ते ओळीबाहेर जात होतं, दुसऱ्यांदाही. चौथ्यांदा त्यांना जाणवलं की ते नीट बसलं आहे, दोन्ही बाजूंनी, न आवळता. तेव्हा बाबारावांना जे वाटलं ते लाजेसारखं नव्हतं. त्याला काय म्हणावं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं आणि कॉम्प्युटर सुरू केला.

पान उघडलं. त्यांचं. पांढऱ्यावर काळं, दीड ओळीची हवा, बारीक रेघ. मधोमध जाड, खोटा शुक्रवार. किती देखणं होतं! तारीख खोटी असतानाही देखणं होतं, आणि हे त्यांना आज पहिल्यांदा भयंकर वाटलं. ती जोड बंद करून टाकावी हा विचार आला. एका बटणाचं काम होतं. मग उद्या पोरं येतील, खाली खाली सरकवतील, डोळे चोळतील. त्यांनी बटणावरचा हात काढला. सूचनांची यादी उघडली आणि ओळ काढणारी सूचना शोधली. चौदावी. तिच्या जागी नवी लिहायला घेतली: ओळ काढू नकोस, तिला पळू देऊ नकोस, तिच्यातला मजकूर उचल आणि माथ्यावर, तारखेच्याही वर, उभा कर. लाल राहू दे. वर एक रेघ, खाली एक रेघ. आणि मजकूर कालच्यापेक्षा वेगळा असेल तर रेघा जाड कर. कंस तीनदा चुकला. चौथ्यांदा पान उघडलं आणि ओळ उभी होती, दोन रेघांमध्ये घट्ट. त्यांनी नकळत काचेवरून तळवा फिरवला. काही हललं नाही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"झालं," रोशनी म्हणाली. मागे गर्दीचा आवाज, बबनराव कोणाला तरी पाणी मागत होते.

"काय झालं? नीट सांग."

"ॲडमिशन. पावती हातात हाय. तो अंकित बी आला, धापा टाकून राह्यला इथं." मग थांबून म्हणाली, "काकाजी, इथं बी भिंतीवर तेच पान मोठं करून लावलं हाय. सारे मुंड्या वर करून खालून वर वाचून राह्यले. इथल्या क्लार्कले एखाद्या दिवशी शिकवून जा."

"ओळ उभी केली," बाबाराव म्हणाले.

"हं?"

"काही नाई. ये."

पण एक गोष्ट राहिली होती, आणि ती रात्रभर अंथरुणात पायाशी पडून होती. जुळाऱ्यानं स्वतःचं प्रूफ वाचायचं नाही. दोन वर्षं हे पान कोणी वाचलंच नव्हतं. बघितलं होतं, वाखाणलं होतं, वाचलं नव्हतं. सकाळी साडेदहाला, ऑफिस उघडल्याबरोबर, बाबारावांनी वर्ध्याच्या दुकानात फोन लावला.

"कार्ट्रिज पोचलं का?" चंद्रभान म्हणाला.

"पोचलं. दुकानात गर्दी हाय का?"

"कुत्रं नाई."

"मंग ते उंदराचं पान उघड. वाचून दाखव."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज, चष्मा पुसल्याचा, घसा साफ केल्याचा. पंचवीस वर्षं बाबाराव बोलत आणि चंद्रभान तपासत असे. आज उलट.

"माथ्यापासून?"

"माथ्यापासून. सारं. फोटोखालची नावं बी."

चंद्रभान वाचू लागला. प्रेसमधल्याच आवाजात, सपाट, अर्थाकडे लक्ष न देता, पूर्णविराम, नवी ओळ, कंस सुरू, कंस पुरा. बाबाराव पेन्सिलचं टोक आपल्या पडद्यावर ओळीमागून ओळ उतरवत होते. फोटोखालच्या नावांजवळ ते थांबले. त्यातल्या एकाखाली तक्रारीसाठीचा फोन नंबर होता, मुंग्यांएवढा, तोही त्यांनी फोटोसकट काढला होता. त्यांनी तो वहीत उतरवला आणि समासात खूण केली. दारात दोन पोरं येऊन उभी राहिली होती, पान बघायला. बाबारावांनी हातानं थांबा म्हटलं. पाहा, पण थांबा.

"आता ते लाल," चंद्रभान म्हणाला. "थांब. पळून राह्यली, डोकं येऊ दे."

"इथं उभी हाय," बाबाराव म्हणाले. "तू वाच."

चंद्रभाननं वाचली. ओळ लांब होती, दोन फेऱ्या लागल्या. बाबारावांची पेन्सिल शेवटच्या अक्षरापर्यंत गेली आणि थांबली.

"मिळाली?"

"अक्षर अन् अक्षर."

"मंग काय म्हणायचं?" चंद्रभान म्हणाला. त्याला माहीत होतं काय म्हणायचं. ते वाचकानंच म्हणायचं असतं. फोनमधून झेरॉक्स मशीन तापल्याचा आवाज येत होता. बाबाराव थांबले, पाठ ताठ करून, फर्म्याजवळ उभे राहत तसे.

"छापा," चंद्रभान म्हणाला.

बाबारावांनी पोरांसाठी खुर्ची सरकवली.